जगदाळ्यांकडून आलेलं डालगं

दिनकरनं डालगं आमच्या सोप्यात टेकवलं आणि त्याच्या बुडातून हिरवट पाणी झिरपून मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पसरलं. डालग्याच्या तोंडाला पोतं बांधलेलं होतं. आत खुडबुड चालली होती, आणि वास असा की मी पदर नाकाला लावला. आईनं मला डोळ्यांनीच दटावलं. मी पदर खाली घेतला.

"सूनबाईसाठी आणल्यात," दिनकरच्या आई, ताराक्का, भिंतीला टेकून बसत म्हणाल्या. "लगीन हुईस्तोवर अंडी खाऊ द्या पोरीला. लईच वाळकी हाय."

"अवो, कशाला एवढं?" आई म्हणाली, पण तिचा चेहरा फुलला होता. माझी सुपारी फुटून पंधरवडाच झाला होता, आणि मुलाकडची माणसं आपण होऊन काहीतरी घेऊन आली होती. असं आमच्या गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं.

"गावरान हायत्या. दिनूनं सोत्ता निवडल्यात."

"हो, खास निवडून आणल्यात," दिनकर माझ्याकडे बघून म्हणाला आणि हसला.

मग तो मोरीवर गेला. साबण मागून त्यानं कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा एकदा साबण लावून धुतले, खिशातल्या इस्त्रीच्या रुमालाला पुसले. मला फार बरं वाटलं. पुरुषमाणसाची नखं इतकी स्वच्छ असू शकतात हे मला त्याला पाहीपर्यंत माहीत नव्हतं. तो साखर कारखान्यात कारकून होता. माझी बालवाडीची नोकरी लग्नानंतरही चालू ठेवायला त्याची ना नव्हती. हुंड्याचा त्यांच्याकडून शब्द निघाला नव्हता. माझे वडील, आप्पा, गिरणीत येणाऱ्या प्रत्येक बाईला दळणाबरोबर हे स्थळ वर्णन करून सांगत. पण माझं मन खरं बसलं ते त्या नखांवर.

कारण मी फार किळस करणारी आहे. आजही आहे. लोक म्हणतात, शालन पाणी पिताना भांड्यात आधी डोकावते. डोकावते. आणि अशा माणसाच्या नशिबी देवानं कोंबड्या पाळणारी आई दिली होती.

आईची ती हौस होती. परसात खुराडं, त्यात सात-आठ कोंबड्या आणि तुरेवाला एक कोंबडा. लोकांना कोंबडी म्हटलं की पिवळी पिल्लं आठवतात. मला आठवतं ते उखळात पडलेली त्यांची शीट. कोंबडी काय खात नाही? पाल खाते. लहान पोर परसाकडं बसलं की मागे जाऊन उभी राहते. एकदा एकीनं माझ्यासमोर आपलंच अंडं फोडून खाल्लं आणि चोच मातीला पुसून माझ्याकडे बघितलं. खुराड्यात हात घातला की हातावर बारीक पिसवा चढायच्या आणि मग दिवसभर डोक्यात काहीतरी चालतंय असं वाटायचं. आई तेच अंडं घासून धुवायची, पोळा करायची आणि माझ्यासमोर ठेवायची. मला मात्र ते कुठून निघालं तेच दिसायचं.

त्या फाल्गुनात तर खुराडं माझ्याच गळ्यात पडलं होतं. कोंबडा धरायला धावताना आई परसात घसरून पडली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. नाकाला फडकं बांधून मी खुराडं खरवडायची. शेजारच्या हौसाक्का कुडावरून बघून हसायच्या.

"शाले, सासरीबी कोंबड्याच हायत्या म्हनं. फडकं बांधूनच जा नांदायला."

हौसाक्का एकट्या होत्या. नवरा गेलेला, लेक दूर दिलेली. त्यांचा चहा, तेल, मीठ, सगळं कोंबड्यांच्या अंड्यांवर चालायचं. आमच्या आणि त्यांच्या कोंबड्या एकाच उकिरड्यावर उकरत आणि संध्याकाळी आपापल्या खुराड्यात जात.

जगदाळे मंडळी जेवून गेली तशी आईनं पोतं सोडायला लावलं. आत तीन कोंबड्या होत्या. बाहेर काढल्या तर पळाल्या नाहीत, फडफडल्या नाहीत. जिथे ठेवल्या तिथेच अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून उभ्या राहिल्या. शेपटीखालचं पीस हिरव्या घाणीनं चिकटलं होतं.

"आई, या बऱ्या दिसत नाहीत."

"वाटंत हेंदकळल्यात. परकं दार हाय. रुळतील."

त्या रुळल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकीनं मान वाकडी केली. वाकडी म्हणजे अशी, की डोकं पाठीवर, चोच आभाळाकडे. आणि त्या अवस्थेत ती स्वतःभोवती गोल गोल फिरायला लागली. आईनं लसूण, हळद आणि कडुलिंब वाटून गोळ्या केल्या. भरवायच्या कुणी? मीच. एका हातानं चोच उघडायची, दुसऱ्या हातानं गोळी आत सारायची. चोचीतून चिकट तार निघाली ती माझ्या मनगटापर्यंत आली. घशातून घरघर ऐकू येत होती, म्हाताऱ्या माणसासारखी. मी गोळी सारली, मोरीवर पळाले आणि पोटात होतं ते सगळं काढलं.

संध्याकाळी ती पडली तेव्हा आई म्हणाली, "मरायच्या आत कापा जी. वाया कशाला घालवायची? पावन्यांनी दिलेली हाय."

आप्पांनी कापली. आईचा हात बांधलेला, म्हणून साफ करायलाही मीच. आतडी हिरवी होती. पथरीच्या, म्हणजे दाणे दळणाऱ्या पिशवीच्या, वरचा भाग उघडला तर आत लालभडक ठिपके, आणि वास असा की मांजरसुद्धा जवळ आलं नाही. मी आईला दाखवलं. ती म्हणाली, "मसाला जास्ती घाल." आप्पांनी आणि तिनं रस्सा ओरपून खाल्ला. "जगदाळ्यांची कोंबडी हाय, चवच येगळी," आप्पा म्हणाले. मी ताक-भात कालवून माजघरात जाऊन जेवले.

उरलेल्या दोघी एका रात्रीत गेल्या. मग आईच्या कोंबड्या लागल्या. सकाळी खुराड्याचं दार उघडायची मला धडकी भरायची. दार ओढलं की आतलं एखादं ताठ अंग माझ्या पायावर यायचं. त्यांच्या उघड्या डोळ्यांवर मुंग्या असत. आई रडायची, आणि मला तिच्या रडण्याची दया यायच्याऐवजी राग यायचा. एवढ्या घाणीवर माणूस जीव कसा लावू शकतो?

मग हौसाक्कांच्या लागल्या. पण त्या रडल्या नाहीत. कुडापाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात त्यांची कवडी कोंबडी होती, मेलेली.

"काय झालं असंल गं?" त्यांनी आईला विचारलं. "कुठनं आली ही मर?"

आईनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "वारं आलंया," ती म्हणाली. "वाऱ्यानं येतीया."

"व्हय. तसंच असंल," म्हणून हौसाक्का गेल्या. तिन्ही पाहुण्या कोंबड्या आधी मेल्या हे आईला दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं होतं. पण ते बोलून दाखवायचं म्हणजे जगदाळ्यांचं नाव घ्यायचं, आणि ते नाव आता आमच्या घरात देवाच्या नावाशेजारी होतं.

आईला वेगळीच काळजी लागली होती. "त्यास्नी मेल्याचं कळता कामा नये," ती म्हणाली. "सुनंसाठी दिलेल्या कोंबड्या मेल्या म्हंजी पायगुण म्हनत्याल. ठरलेलं मोडंल."

"मग काय सांगायचं?"

"झ्याक हायत्या म्हनायचं. मी बोलीन. तू गप ऱ्हा."

त्या रविवारी दिनकर एकटाच मोटारसायकलवर आला, पत्रिकेत आमच्याकडची नावं कशी घालायची ते विचारायला. आईनं चहा टाकायला लावला. मी कपबशी घेऊन बाहेर आले तेव्हा ती मोठ्या उत्साहानं सांगत होती.

"कोंबड्या अगदी झ्याक बगा! कालपासनं तिघीबी अंडी द्याया लागल्यात. शालनला रोज पोळा करून घालतीया."

दिनकरचा कप तोंडाशी गेला होता तो तिथेच थांबला.

"अंडी देतात?"

"व्हय तर!"

"तिघी?"

"तिघी. मोठाली अंडी."

"शक्यच नाही, मामी," दिनकर म्हणाला.

तो हे अगदी खात्रीनं म्हणाला. मला आईनं गप्प राहायला सांगितलं होतं, पण तोंडातून गेलंच.

"का शक्य नाही?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि चक्क हसला. चोरी पकडली गेल्यावर माणूस ओशाळतो तसंही नाही. गमतीची गोष्ट सांगावी तसा हसला.

"आता तुम्ही घरचेच, म्हणून सांगतो. आमच्याकडं मर आली होती. आमच्या डोळ्यांदेखत निम्म्या गेल्या. मग आई म्हणाली, दारात मरू देण्यापरीस पै-पाहुण्यांत वाटू. सगळेच वाटतात. कुणाच्या पोटात तरी जातील. तुमच्याकडं द्यायच्या म्हणून मी त्यातल्या त्यात उभ्या राहणाऱ्या निवडल्या. मला वाटलं, मामा त्याच दिवशी कापतील."

"म्हणजे आजारी आहेत हे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत म्हणजे, दिसतंच की." त्यानं कप खाली ठेवला. "शिजवल्यावर काही होत नाही."

"तुम्ही खाल्ल्या?"

"छे," तो म्हणाला. "आम्ही नाही खात तसल्या."

मी त्याच्या हाताकडे बघत होते. कपाचा कान धरलेली ती स्वच्छ बोटं. त्या दिवशी दोनदा साबण का लावला ते मला आत्ता कळलं.

"आमच्या जवळजवळ सगळ्या मेल्या," मी म्हणाले. "शेजारच्या हौसाक्कांच्याही. त्यांचं पोट त्यावर होतं."

"अरेरे," दिनकर म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. "पण त्याला कोण काय करणार? मर काय थांबते का? मरीआईचा गाडा आला की आपण पुढच्या गावच्या शिवेवर नेऊन सोडतोच ना? ते लोक त्याच्या पुढं नेतात. आम्हालाही कुणीतरी दिलीच असेल की."

आईला आता काहीतरी बोलणं भाग होतं. मला वाटलं, आता फुटेल. माझी आई तोंडाची तिखट. आठवड्याच्या बाजारात माळणी तिला वचकून असत.

"आसूं द्या वो," आई हसून म्हणाली. "कोंबड्याच त्या. च्या निवतोय, घ्या."

तो गेल्यावर मी सांगितलं की मला हे लग्न करायचं नाही. आईनं आधी ऐकलंच नाही असं केलं. मग आप्पांना गिरणीतून बोलावून घेतलं. आप्पा पिठानं पांढरे झालेले तसेच दारात उभे राहिले.

"कोंबड्यांपायी?" ते म्हणाले. "अगं लोक काय म्हनत्याल? कोंबड्यांपायी स्थळ मोडलं?"

"त्यानं तुम्हाला ती घाण खायला घातली, आप्पा. हसत हसत. निवडून."

"मेलो का आमी?"

मेले नव्हते. मी एवढंच म्हटलं की त्या माणसाच्या हातचं पाणीसुद्धा माझ्या घशाखाली उतरायचं नाही, आणि बळजबरी केलीत तर मांडवात सगळ्यांसमोर सांगेन. आप्पा मला ओळखून होते. पाण्याच्या भांड्यात डोकावणारी मुलगी आहे, सांगेल. ते परत गिरणीत गेले.

दुसऱ्या दिवशी बालवाडीतून आले तर परसात आई एका हातानं काहीतरी खटपट करत होती. आमच्या खुराड्यात आता दोनच जीव उरले होते, कोंबडा आणि एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली. दोघंही अंग फुगवून बसायला लागले होते. आईनं त्यांना डालग्यात कोंबलं होतं, जगदाळ्यांच्याच, आणि प्लास्टरच्या हातानं दाबून धरून त्याच्या तोंडाला पोतं बांधायला बघत होती.

"धर जरा हितं," ती म्हणाली. "विट्याची गाडी निघंल. तुज्या मावशीकडं देऊन येती. अजून उभ्या हायत्या तंवर."

मावशी तिची सख्खी बहीण. आईच्या तोंडावर लाजेचा लवलेश नव्हता. घाई होती फक्त, दूध उतू जायच्या आत चुलीवरून काढतात तसली.

"आई, मावशीच्या कोंबड्या मरतील."

"ती कापून खाईल. तिला काय कळतंय? आन् कळलं तरी काय, बहीणच हाय."

मी पोतं धरायला गेले नाही. मी डालग्यात हात घातला. जन्मात मी आपण होऊन कोंबडीला हात लावला नव्हता. तलंग पहिली हाताला लागली. तिची मान गरम होती आणि बोटांखाली नळीत काहीतरी बुडबुडत होतं. मी पिरगळली. एकदा पिरगळून होत नाही, हे मला माहीत नव्हतं. ती माझ्या साडीच्या ओच्यावर हगली, पाय झाडले आणि मग थांबली. कोंबड्याला जास्त वेळ लागला. त्याच्या नख्यांनी माझं मनगट फाडलं. आई ओरडत होती, रांडेपासून भवानीपर्यंत सगळं म्हणत होती. कुडापाशी मी खड्डा केला, दोघांना आत टाकलं, वर चुना ओतला, माती लोटली. मग विहिरीवर जाऊन, कातडी सोलून निघेपर्यंत हात घासले.

घासून झाल्यावर हौसाक्कांकडे गेले आणि मर कुठून आली ते त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "तुजी आई वारं म्हनली हुती," एवढंच त्या बोलल्या. पुढे त्या आमच्या कुडापाशी कधी आल्या नाहीत.

आईनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी चांगलं लुगडं नेसून ती विट्याला गेली. रिकाम्या हातानं गेली हे मी स्वतः पाहिलं. मनात म्हटलं, बहिणीजवळ रडून येईल, मन हलकं होईल. मला तिच्याबद्दल जरा मायासुद्धा वाटली. संध्याकाळी परतली ती खुशीत होती. पाय धुता धुता मला म्हणाली,

"सुटलो बाई. तुज्या मावशीच्या सुरेखाचं जमवून आले."

"कुणाशी?"

"जगदाळ्यांच्या दिनकरसंगं. वाटंत उतरून ताराक्कास्नीबी इचारलं. त्यास्नी मुलगी पायजेच हाय, मूर्त काढून बसल्यात. चांगलं स्थळ वाया कशाला घालवायचं?"

"मी का नाही म्हणाले ते मावशीला सांगितलंस?"

"सांगितलं की. शालनला अजून शिकायचं हाय म्हनलं."

माझ्या मावसबहिणीला मी अंगाखांद्यावर खेळवलेलं होतं. सकाळच्या पहिल्या गाडीनं मी विटा गाठलं. मावशी शेताला गेली होती. सुरेखा चुलीपुढे भाकऱ्या करत होती, आणि तिच्या पलीकडे तिची धाकटी बहीण बेबी शाळेचा फ्रॉक घालून वेणीला रिबीन बांधत होती. मी टेकलेही नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. हिरवं पाणी, वाकड्या माना, हौसाक्का, "आम्ही नाही खात तसल्या", आणि आईनं मावशीसाठी बांधायला घेतलेलं डालगं. सुरेखाचा हात काही थांबला नाही. भाकरी थापत तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"तू नाही म्हण," मी म्हणाले. "मी आहे तुझ्याबरोबर. मावशीला मी सांगते."

"आन् मग?" तिनं विचारलं.

"मग काय?"

"मी न्हाई म्हनले तर आई बेबीला दावंल, ताई. नववीत हाय ती." तिनं भाकरी तव्यात टाकली आणि वर पाण्याचा हात फिरवला. "तुमी माज्याकडं धाडलं. मी बेबीकडं धाडू व्हय? न्हाई. राहू दे. माज्यापाशीच थांबू दे."

बेबीनं रिबिनीचं फूल नीट केलं, दप्तर उचललं आणि "येते गं ताई" म्हणून ती शाळेत गेली.

वैशाखात सुरेखाचं लग्न झालं. जगदाळ्यांनी माझ्यासाठी घेतलेला शालूच तिला नेसवला होता. मी अक्षता टाकल्या आणि जेवायला न थांबता घरी आले.